घड्याळ मागे पडलेला कॉम्प्युटर

आमच्या खालच्या मजल्यावरचे आप्पा एसटीत कंडक्टर होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण हातात कागद आला की आधी उजेडाकडे धरून शिक्का बघायची सवय काही गेलेली नाही. मे महिन्यात एका सकाळी त्यांनी जिन्यातूनच हाक मारली, "अरे, जरा खाली ये. कॉम्प्युटरात व्हायरस शिरलाय."

ई-मेल उघडत नव्हती, वीजबिल भरायची साइट उघडत नव्हती, यूट्यूबही नाही. जाल तिथे लाल त्रिकोण आणि खाली इंग्रजीत दरडावणी. भाच्याने फोनवरूनच निकाल देऊन टाकला होता: फॉरमॅट मारावा लागेल, फोटो-बिटो काढून घ्या.

मी स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात खाली बघितलं. तारीख होती १ जानेवारी २०१२.

"आप्पा, सुरू करताना काळ्या स्क्रीनवर काही लिहून येतं का?"

"येतं की. एफ-वन दाबा म्हणतो. मी दाबतो. तीन-चार महिने दाबतोय."

"आणि मग इतके दिवस चालत कसं होतं?"

याचं उत्तर आतून काकूंनी दिलं. नातू रोज संध्याकाळी गेम खेळायला बसताना आधी तारीख नीट करायचा. सुट्टी लागली, नातू मामाकडे गेला, आणि कॉम्प्युटर २०१२ सालात राहिला.

व्हायरस नव्हताच. मदरबोर्डवरचा, म्हणजे आतल्या मुख्य पाटीवरचा, सेल संपला होता.

वायर काढून डब्याचा डावीकडचा पत्रा उघडला, तेव्हा आत धुळीची मऊ गोधडी अंथरलेली होती. तिच्याखाली रुपयाच्या नाण्यासारखा चकचकीत सेल. त्यावर सीआर २०३२ असं छापलेलं असतं आणि तो आकडाच त्याचं माप आहे: २० मिलिमीटर व्यास, ३.२ मिलिमीटर जाडी. नवा असताना ३ व्होल्ट देतो. आप्पांचा मल्टिमीटरवर २ च्याही खाली होता.

या सेलवर एक छोटं घड्याळ चालतं. त्यात क्वार्ट्‌झचा स्फटिक असतो आणि तो सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. हा आकडा विचित्र वाटतो, पण तो मुद्दाम निवडलेला आहे. त्याला दोनने भागत जा. बरोबर पंधराव्या भागाकाराला उत्तर १ येतं. म्हणजे निम्मं करणारे पंधरा साधे टप्पे एकापुढे एक जोडले की सेकंदाचा एक ठोका मिळतो. मनगटावरच्या क्वार्ट्‌झ घड्याळातही हाच स्फटिक असतो. १९८१ साली आलेल्या आयबीएमच्या पहिल्या पीसीत हे घड्याळ नव्हतं. मशीन सुरू केलं की ते आजची तारीख विचारायचं आणि ती आपण टाइप करायची. १९८४ च्या पीसी-एटीपासून सेलवर चालणारं घड्याळ मदरबोर्डवर आलं आणि तो प्रश्न आपण विसरून गेलो.

सेल इतक्या लवकर का बसला, याचं कारण आप्पांची शिस्त. कॉम्प्युटर बंद केला की ते भिंतीवरचं बटणही बंद करतात. बटण चालू असतं तर बंद कॉम्प्युटरलाही आतून थोडी वीज मिळत राहते आणि घड्याळ तिच्यावर चालतं, सेलला हात लावत नाही. बटण बंद म्हणजे सगळा भार सेलवर. माझं मत विचाराल तर आप्पांचंच बरोबर आहे. पावसाळ्यात वीज पडून मदरबोर्ड जाण्यापेक्षा दर तीन-चार वर्षांनी एक सेल बदललेला परवडला. घड्याळवाल्याकडे तो पन्नास रुपयांच्या आत-बाहेर मिळतो.

पण सेल बसला म्हणून ई-मेल का अडावी? आप्पांनी नेमकं हेच विचारलं, आणि त्यांना समजावणं सोपं होतं, कारण हा सगळा पास तपासण्याचा मामला आहे.

आपण बँकेची साइट उघडतो तेव्हा ती साइट आपल्या ब्राउझरला एक प्रमाणपत्र दाखवते. ब्राउझर त्यात मुख्यतः तीन गोष्टी बघतो. नाव त्याच साइटचं आहे का, सही करणारी संस्था ओळखीची आहे का, आणि आजची तारीख 'पासून' आणि 'पर्यंत' यांच्या मध्ये बसते का. ही मुदत पूर्वी काही वर्षांची असे. सप्टेंबर २०२० पासून ती जास्तीत जास्त ३९८ दिवसांवर आली, आणि २०२९ पर्यंत ती ४७ दिवसांवर आणायचं ठरलं आहे. मुदत जितकी कमी, तितका चोरीला गेलेला पास निरुपयोगी व्हायला कमी वेळ लागतो.

आता ब्राउझरच्या हिशेबाने आज जर १ जानेवारी २०१२ असेल, तर यंदा दिलेलं प्रत्येक प्रमाणपत्र त्याला भविष्यातलं वाटणार.

"म्हणजे पास बरोबर आहे," आप्पा म्हणाले, "कंडक्टरचं कॅलेंडर चुकलंय."

याहून नेमकं मला सांगता आलं नसतं.

गंमत म्हणजे क्रोमने, म्हणजे आप्पांच्या ब्राउझरने, हे स्वतःच सांगितलं होतं. त्या लाल त्रिकोणाच्या पानावर मोठ्या अक्षरात 'तुमचं घड्याळ मागे आहे' अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य होतं. घरात कुणी ते वाचलंच नव्हतं. लाल रंग दिसला की आपण वाचत नाही, घाबरतो. नाहीतर 'पुढे जा'चं बटण शोधतो. ते बटण काही साइटींवर सापडतंही. बँका आणि मोठ्या ई-मेल सेवा मात्र ब्राउझरला आधीच बजावून ठेवतात की प्रमाणपत्रात खोट दिसली तर कुणालाही आत सोडू नकोस, आणि तिथे ते बटण येतच नाही. ही अडवणूक आपल्या भल्याची असते. इशारा ओलांडून जायची सवय एकदा लागली की खरोखर बनावट साइट समोर आली तरी बोट आपसूक तिकडेच जातं.

पास खरा असला म्हणजे प्रवासी सज्जन असतो असं नाही, हेही आप्पांना वेगळं सांगावं लागलं नाही. पत्त्याशेजारच्या कुलपाच्या चित्राचं तेच आहे. कुलूप एवढंच सांगतं की तुम्ही आणि साइट यांच्यातलं बोलणं वाटेत कुणी वाचू शकत नाही. समोरची साइट भामट्याची असली तरी तिलाही कुलूप मिळतं, फुकट मिळतं. लोक कुलपाला सचोटीचा शिक्का समजू लागले, म्हणून क्रोमने २०२३ मध्ये ते चित्रच काढून टाकलं.

घड्याळाची आणखी एक करामत. पासवर्डनंतर टाकायचा सहा आकडी कोड देणारं ॲप काही जण मोबाइलवर ठेवतात. तो कोड एक गुप्त किल्ली आणि त्या क्षणाची वेळ यांच्यापासून तयार होतो आणि साधारण दर ३० सेकंदांनी बदलतो. मोबाइलचं घड्याळ हाताने दहा मिनिटं पुढे करून ठेवलं असेल, तर कोड कितीही नीट टाका, चुकीचाच ठरणार. तारीख चुकली की विंडोजचे अपडेटही अडतात आणि ते जास्त वाईट. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय नावाचा खंडणीखोर व्हायरस जगभर पसरला, तेव्हा तो ज्या भोकातून शिरत होता ते बुजवणारा अपडेट मार्चमध्येच आलेला होता. ज्यांनी तो घेतला नव्हता त्यांच्या फायलींना कुलपं लागली.

आलोच होतो म्हणून आप्पांची दुसरी तक्रारही ऐकून घेतली. "रोज बंद करतो तरी हळू चालतो." टास्क मॅनेजर, म्हणजे आत काय काय चालू आहे ते दाखवणारी विंडोजची खिडकी, उघडून परफॉर्मन्समध्ये सीपीयूखालचा 'अप टाइम' दाखवला. एकोणीस दिवस! आप्पा माझ्याकडे संशयाने बघायला लागले. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, 'शट डाउन' केलं तरी विंडोजचा गाभा पुरता बंद होत नाही. तो डिस्कवर जसाच्या तसा उतरवून ठेवतात आणि सकाळी उचलून परत लावतात, म्हणजे मशीन लवकर सुरू होतं. आत काही गुंता झाला असेल तर तोही जसाच्या तसा परत येतो. 'रीस्टार्ट' केलं की मात्र सगळं नव्याने मांडलं जातं. म्हणून 'बंद करून चालू करा' हा सल्ला विंडोजवर पुरेसा नाही, रीस्टार्टच करा.

(रॅम, म्हणजे मेमरीची पट्टी, काढून तिचे सोनेरी दात खोडरबराने घासायची आपल्याकडची युक्ती खरी आहे. मशीन नुसतं पीं-पीं करत असेल आणि स्क्रीन काळीच राहत असेल तर बरेचदा चालते. घासा हलक्या हाताने, आणि आधी वायर काढा.)

पंधरा दिवसांनी आप्पांची दुसरी हाक आली, या वेळी वरच्या पट्टीत. खाली पोचेपर्यंत जिन्यात भोंगा ऐकू येत होता. प्रिंटरचा ड्रायव्हर शोधताना त्यांनी कुठल्याशा जाहिरातीवर क्लिक केलं होतं. पूर्ण स्क्रीन निळी, मध्ये मायक्रोसॉफ्टच्या नावाने चौकट, तुमच्या कॉम्प्युटरमध्ये पाच व्हायरस सापडले, कॉम्प्युटर बंद करू नका, ताबडतोब या नंबरवर फोन करा. नंबर आप्पांनी कॅलेंडरच्या समासात उतरवूनही घेतला होता.

"फोन केलात?"

"नाही. खरं संकट असतं तर एवढा भोंगा कशाला वाजवला असता?"

अनुभवाने आलेला हा कान मला फार आवडला. कारण तांत्रिक उत्तरही जवळपास तेच आहे. वेबसाइटला तुमची डिस्क तपासताच येत नाही. ब्राउझर तिला तेवढं आत येऊच देत नाही. तिला करता येतं ते इतकंच: स्क्रीनभर पसरणं, आवाज करणं, खिडकीसारखं दिसणारं चित्र काढणं. आणि मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो. खरी तक्रार बहुधा कंटाळवाणी असते, 'एफ-वन दाबा'सारखी.

एस्केप दाबून धरलं, स्क्रीन लहान झाली, टॅब बंद केला. तेवढ्याने भागलं नाही तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजरमधून ब्राउझरच बंद करायचा, आणि पुन्हा उघडताना 'आधीची पानं परत आणू का' याला नाही म्हणायचं.

आप्पांना पुढचं ऐकायचं होतं, की फोन केला असता तर काय झालं असतं. पलीकडचा माणूस गोड बोलून आधी 'इव्हेंट व्ह्यूअर', म्हणजे विंडोजची नोंदवही, उघडायला लावतो. त्यात लाल खुणांची रांग दिसते आणि बघणारा गार पडतो. खरं तर धडधाकट मशीनमध्येही त्या खुणा असतात; कुठलीशी सेवा सेकंदभर उशिरा सुरू झाली, अशा त्या नोंदी. मग दुरून स्क्रीन बघायचं ॲप टाकायला सांगतात, 'पैसे परत करतो' म्हणून बँकेची साइट उघडायला लावतात, आणि तिथून पुढे माउस त्यांच्या हातात. ऑक्टोबर २०२२ मध्ये सीबीआयने 'ऑपरेशन चक्र'मध्ये छापे घातले, तेव्हा अमेरिकेतल्या लोकांना फसवणारी कॉल सेंटरं सापडली ती पुण्यात आणि अहमदाबादमध्ये.

कुणी असं ॲप टाकून बसलंच असेल तर पहिलं काम इंटरनेट तोडणं. वायर उपटा, वायफाय बंद करा. मग बँकेला आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला फोन. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात उड्या मारत असतात, ते वाटेत गोठवता आले तरच हाती लागतात, म्हणून इथे मिनिटं महत्त्वाची. पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या मशीनवरून.

आप्पांनी कॅलेंडरवरचा नंबर निळ्या पेनाने गिरवून गिरवून खोडला. मग आठवण झाल्यासारखे उठले आणि टेबलाच्या खणातून पहिल्या दिवशी काढलेला जुना सेल घेऊन आले. "याचं काय करू?" धाकटी नात दोन वर्षांची, दिसेल ते तोंडात घालणारी. कॉम्प्युटरच्या दृष्टीने मेलेल्या सेलमध्येही एवढी वीज उरते की तो मुलाच्या अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजू शकतं. गिळल्याचा नुसता संशय आला तरी थेट हॉस्पिटल. मी हे सांगितल्यावर त्यांनी सेलला दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावली. ई-कचरा घेऊन जाणारी गाडी सोसायटीत येईपर्यंत तो आता त्यांच्या तिकिटांच्या जुन्या पत्र्याच्या पेटीत आहे, आणि पेटी माळ्यावर.