नळाची लाईन शिशाची तर नाही ना? चुंबक आणि नाणं घेऊन घरीच बघा

नमस्कार मंडळी. हल्ली आमच्या प्लंबिंगच्या दुकानावर हा प्रश्न फार येतोय, कोणीतरी मोबाईलवर अमेरिकेतल्या फ्लिंट शहराचा व्हिडिओ बघितलेला असतो आणि मग लगेच फोन, "भाऊ, आपल्या घराला पण शिशाचे पाईप असतील का?" फ्लिंटचं खरंय. २०१४ ला तिथं पैसे वाचवायला नदीचं पाणी चालू केलं, ते पाणी पाईप खाणारं होतं, आणि पाईप खाल्ला जाऊ नये म्हणून पाण्यात जे औषध टाकायला पाहिजे ते टाकलंच नाही, त्यामुळे जुन्या लाईनीतलं शिसं लोकांच्या ग्लासात आलं. तिकडे रस्त्यापासून घरापर्यंतचा पाईपच शिशाचा टाकायचे, १९८६ मधे बंदी येईपर्यंत.

आपल्याकडे आम्ही जेवढ्या जुन्या लाईनी उघडल्या त्या बहुतेक जीआयच्या (जस्ताचा थर दिलेल्या लोखंडाच्या) निघतात, नवीन कामात पीव्हीसी नाहीतर सीपीव्हीसी, म्हणजे प्लास्टिकचेच प्रकार. म्हणून घाबरू नका, पण घर फार जुनं असेल, वाडा असेल, आजोबांच्या काळातलं नळ कनेक्शन असेल तर एकदा बघून घ्या, दहा मिनिटांचं काम आहे.

कुठं बघायचं? अंगणात जिथं लाईन जमिनीतून वर येते तिथं, मीटर असेल तर मीटरच्या अलीकडे, म्हणजे रस्त्याच्या बाजूला. पाईप पुसून घ्या आणि आधी चुंबक लावा. चिकटलं तर लोखंड, म्हणजे जीआय. नाही चिकटलं तर नाण्याच्या कडेने हलकंच खरवडा. आतून चकचकीत चांदीसारखा रंग निघाला आणि नखाने पण ओरखडा उमटतोय इतकं मऊ असलं तर ते शिसं. तांबूस निघालं तर तांबं. प्लास्टिक तर दिसतंच. ठोकून बघितलं की लोखंड खणकन वाजतं, शिसं नुसतं बद्द. शिशाच्या पाईपाचा जोड पण ओळखू येतो, कांद्यासारखा फुगीर असतो, त्याला आटे नसतात. एकाच जागी बघून थांबू नका, अर्धी लाईन बदललेली असते आणि अर्धी भिंतीत तशीच. खरवडताना कानस, पॉलिश पेपर वापरू नका, भुकटी उडते, आणि नंतर हात साबणाने धुवा.

फेरूलपासून (रस्त्यातल्या मोठ्या लाईनीला आपलं कनेक्शन जिथं जोडतात तिथपासून) घरापर्यंतचा जमिनीतला तुकडा मात्र खोदल्याशिवाय दिसत नाही. गल्लीत लीकेजसाठी खड्डा केला असेल तेव्हा जाऊन डोकावा, फुकटात कळतं.

आता खरी गोष्ट. पाईप शिशाचा नसला तरी शिसं दुसऱ्या वाटेने येऊ शकतं आणि आमच्या मते आपल्या भागात त्याच वाटा जास्त बघायला पाहिजेत. पितळी नळ घडवायला सोपे जावेत म्हणून पितळेत शिसं मिसळतात, स्वस्तातल्या कॉकमधे किती मिसळलंय त्याचा काही नेम नाही. जीआयच्या आट्यांना पूर्वी सुतळी आणि सफेदा लावायचे, त्या जुन्या सफेद्यात पण शिसं असायचं (आता टेफलॉन टेप आहे, तोच लावून घ्या). आणि तिसरं म्हणजे पीव्हीसी. पाईप टिकावा म्हणून त्यात शिशाचं स्टॅबिलायझर टाकायचे, त्यावर केंद्र सरकारने २०२१ मधे नियम केले. जळगावकडे पाईपाची कमी नाही, शेतात ठिबकचं काम झालं की उरलेला पाईप घरच्या टाकीला जोडून देतात, हे अजिबात करू नका. पिण्याच्या लाईनीला आयएसआय मार्क आणि आयएस ४९८५ छापलेला, लेड फ्री लिहिलेला पाईपच घ्या.

डोळ्यांनी पाण्यातलं शिसं कळत नाही, चव नाही वास नाही रंग नाही. दारावर येऊन टीडीएस मीटर बुडवून आकडा दाखवतात त्याने पण कळत नाही, तो फक्त एकूण क्षार सांगतो, आणि आपल्या बोअरचं पाणी तसंही जड, त्यामुळे आकडा मोठा येणारच आणि माणूस घाबरून मशीन घेणार. शिशाची मर्यादा आयएस १०५०० (पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक) प्रमाणे लिटरला ०.०१ मिलीग्राम आहे, एवढं बारीक लॅबच मोजते. एनएबीएल (लॅबना मान्यता देणारी संस्था) मान्यतेची लॅब बघा आणि सॅम्पल द्यायच्या आधी विचारा की शिसं तपासता का, नेहमीच्या पिण्याच्या पाण्याच्या टेस्टमधे ते धरलेलं असेलच असं नाही.

सॅम्पल घेण्यात लोक चुकतात म्हणून नीट सांगतो. आपल्याकडे नळ रोज येत नाही, पाणी टाकीत चढवतो आणि वापरतो टाकीतलं. म्हणजे घरात दोन वेगळ्या लाईनी झाल्या. रस्त्याकडची तपासायची तर नळाच्या दिवशी टाकीच्या अलीकडे, पाणी आल्या आल्या पहिली बाटली भरा आणि पाच-दहा मिनिटं वाहू देऊन दुसरी. किचनची तपासायची तर रात्री वापर बंद झाल्यावर सकाळी उठून तोंड धुवायच्याही आधी किचनच्या नळाची पहिली बाटली, मग थोडं सोडून दुसरी. पहिलीतच शिसं जास्त आलं तर बहुतेक नळ किंवा जवळचं फिटिंग, दुसरीत पण तसंच राहिलं तर दोष मागे लाईनीत किंवा टाकीत शोधायचा. बाटल्यांवर लिहून ठेवा, नाहीतर गोंधळ होतो.

रिपोर्ट येईपर्यंत सकाळचं पहिलं पाणी पिऊ नका, बादलीत धरून फरशीला नाहीतर कूलरला वापरा, वाया घालवायची गरज नाही. गीझरचं पाणी स्वयंपाकाला घेऊ नका, गरम पाण्यात शिसं जास्त उतरतं. उकळून शिसं जात नाही, उलट पाणी आटून प्रमाण वाढतं. आरओने जातं, पण मेंब्रेन (आतली गाळणारी जाळी) वेळेवर बदललेलं पाहिजे. घरात बारकी पोरं किंवा गरोदर बाई असेल तर हे सगळं जास्त काटेकोर पाळा, शिसं पोरांच्या मेंदूला त्रास देतं आणि त्याचं अमुक इतकं चालतं असं प्रमाणच नाही.

शिशाचा पाईप निघालाच तर अर्धा तुकडा बदलू नका, कापाकापीने आत बसलेला थर हलतो आणि काही दिवस पाण्यात शिसं उलट वाढतं. पूर्ण लाईन एकदाच बदला. रस्त्याकडच्या भागासाठी पालिकेची परवानगी लागते, त्या अर्जाला आम्ही मदत करतो. नळाला थेट मोटर लावून पाणी खेचत असाल तर ते पण बंद करा, त्याने पण थर निघतो आणि तसं करायला परवानगी पण नाही.

खरवडलेल्या जागेचा फोटो बाजूला नाणं ठेवून उजेडात काढा आणि दुकानाच्या व्हॉट्सअपवर पाठवा. फोटो बघायचे पैसे घेत नाही. शंका वाटली तर चुंबक घेऊन आम्हीच येतो, फक्त नळाच्या दिवशी बोलवू नका, त्या दिवशी सगळ्या गावाचे फोन असतात.