सहा महिन्यांच्या फेऱ्यांसाठी माइल्सचं खातं: कुठलं घ्यावं, कागद कोणते जपावेत, दावे का फेटाळले जातात

हिंजवडी, चाकण किंवा अंधेरीच्या ऑफिसातून सहा महिन्यांच्या कामासाठी फ्रँकफर्ट, ॲमस्टरडॅम, सिंगापूरला ये-जा सुरू झाली की माइल्सचा, म्हणजे प्रवासाबद्दल विमान कंपनी खात्यावर जमा करते त्या गुणांचा, विषय साधारण तिसऱ्या फेरीला निघतो. तोवर दोन फेऱ्यांचे माइल्स गेलेले असतात. बहुतेक विमान कंपन्या खातं उघडल्याच्या तारखेनंतरचाच प्रवास धरतात. काही ठिकाणी मागच्या थोड्या दिवसांची सवलत असते, पण तिच्यावर विसंबू नये. कामाचं पत्र हातात पडलं की त्याच संध्याकाळी खातं उघडावं. ते फुकट असतं आणि त्याला दहा मिनिटंही लागत नाहीत.

पात्रतेबद्दल फार सांगण्यासारखं नाही. खातं व्यक्तीच्या नावावर निघतं, तिकिटाचे पैसे कंपनीने भरले तरी. स्वतः उघडायचं तर वय बहुधा अठरा पूर्ण हवं. लहान मुलांची खाती पालकांमार्फत उघडतात. नाव, जन्मतारीख, पत्ता, ईमेल, मोबाइल एवढं भरलं की खात्याचा आकडा मिळतो. अडचणी येतात त्या इथून पुढे.

खातं निवडताना लोक विमान कंपनीचं नाव आणि लाउंजचे फोटो बघतात. सहा महिन्यांच्या माणसाने आधी बघायचं ते त्या योजनेचं वर्ष कुठून कुठे धरलं जातं. लुफ्तान्झाच्या ‘माइल्स अँड मोर’चं स्टेटस, म्हणजे वेगळे पॉइंट जमवून मिळणारा वरचा दर्जा, कॅलेंडर वर्षावर चालतं, १ जानेवारी ते ३१ डिसेंबर. २०२४ पासूनच्या पद्धतीत पहिल्या पायरीला ६५० पॉइंट लागतात, आणि दुसऱ्या खंडात जाणाऱ्या एका उड्डाणाला इकॉनॉमीत १५, बिझनेसमध्ये ५० मिळतात. आता हिशोब करा. काम ऑक्टोबर ते मार्च, दर महिन्याला मुंबई–फ्रँकफर्ट थेट एक फेरी, म्हणजे बारा उड्डाणं. इकॉनॉमीत १८० पॉइंट झाले. बिझनेसमध्ये बसलात तरी ६००, आणि तेही ३०० या वर्षात, ३०० पुढच्या वर्षात. डिसेंबरअखेर पाटी कोरी. सहा महिने रात्री दोनची विमानं पकडून पदरी काही नाही. यात फसवणूक कोणी केलेली नसते, नियमावलीत सगळं लिहिलेलं असतं. ती आधी कोणी वाचत नाही, एवढंच.

एअर फ्रान्स-केएलएमच्या ‘फ्लाइंग ब्लू’मध्ये वर्ष प्रत्येकाचं वेगळं असतं, सलग बारा महिन्यांचं. मुंबई–ॲमस्टरडॅम इकॉनॉमीत १० एक्सपी (इथले स्टेटसचे पॉइंट), तिथून फ्रँकफर्ट ५, म्हणजे जाऊन-येऊन ३०. सिल्व्हर स्टेटसला १०० लागतात, ते चौथ्या फेरीला होतात. इथे एक खड्डा आहे. गोल्डला १८० लागतात असं वाचून लोक शून्यापासून १८० मोजतात. सिल्व्हर मिळालं की १०० वजा होतात आणि तिथून पुढे १८० जमवायचे असतात, म्हणजे सुरुवातीपासून २८०. इकॉनॉमीतल्या सहा फेऱ्या १८० वरच थांबतात, आणि नुसत्या सिल्व्हरवर लाउंजचं दार उघडत नाही. बिझनेसमध्ये एक्सपी तिप्पट आहेत. तिथे एका फेरीला ९०, चौथ्या फेरीत २८० ओलांडून गोल्ड. तेव्हा कंपनी कुठल्या वर्गाचं तिकीट काढते हे कळल्याशिवाय स्टेटसच्या मागे लागू नये.

सिंगापूरचंही असंच. ‘क्रिसफ्लायर’मध्ये बारा महिन्यांत २५,००० एलीट माइल्सला (स्टेटससाठी मोजल्या जाणाऱ्या माइल्सना) सिल्व्हर, ५०,००० ला गोल्ड. मुंबई–सिंगापूर एका बाजूने सुमारे २,४०० मैल. सहा फेऱ्यांचे अंदाजे २९,००० होतात, म्हणजे सिल्व्हर हाताशी आलं असं वाटतं. पण ट्रॅव्हल डेस्कने, म्हणजे तुमच्या ऑफिसातल्या तिकिटं काढणाऱ्या विभागाने, सर्वांत स्वस्त ‘लाइट’ भाड्याचं तिकीट काढलं असेल तर त्यावर अर्धेच माइल्स मिळतात, आणि आकडा १४,५०० वर येऊन बसतो.

म्हणून इकॉनॉमीच्या कमी मुदतीच्या प्रवाशाला आमचं सांगणं असं, की स्टेटस विसरा आणि माइल्स टिकतात किती ते बघा. काम संपल्यावर वर्ष-दोन वर्षं तुम्ही विमानात बसणारच नाही, आणि खातं त्या काळात मरतं. क्रिसफ्लायर आणि माइल्स अँड मोरचे माइल्स स्टेटस नसलेल्यांना ३६ महिने. मधे थोडी उलाढाल केली तरी क्रिसफ्लायरची मुदत आपोआप लांबत नाही. फ्लाइंग ब्लूचे २४ महिने, पण मधे एक पात्र प्रवास झाला की मुदत पुन्हा सुरू. एअर कॅनडाच्या ‘एरोप्लॅन’मध्ये १८ महिने काहीच हालचाल नसेल तर सगळं जातं. युनायटेडच्या ‘माइलेजप्लस’चे माइल्स २०१९ पासून मुदतीने संपत नाहीत.

या शेवटच्या गोष्टीचा उपयोग पुष्कळांच्या लक्षात येत नाही. ज्या विमानात बसता त्याच कंपनीचं खातं हवं असं बंधन नाही. एअर इंडिया २०१४ पासून ‘स्टार अलायन्स’ या विमान कंपन्यांच्या गटात आहे, लुफ्तान्झा, सिंगापूर एअरलाइन्स, टर्किश, युनायटेडही त्यातच. त्यामुळे पात्र भाड्याचं तिकीट असेल तर एअर इंडियाने गेलात आणि लुफ्तान्झाने परतलात तरी दोन्ही एकाच खात्यावर, अगदी युनायटेडच्याही, लावता येतात. तीन खात्यांत तीन-तीन हजार माइल्स पडले तर त्यांचं काहीच करता येत नाही. एका खात्यात नऊ हजार असतील तर निदान विचार करता येतो. एमिरेट्स आणि इंडिगो कुठल्याही अलायन्समध्ये नाहीत. तिथे त्यांचं स्वतःचं खातं, नाहीतर त्यांनी ज्या कंपनीशी वेगळा करार केला असेल तिचं.

एअर इंडियाचं जुनं खातं असेल तर नवं उघडू नका. ‘फ्लाइंग रिटर्न्स’चंच पुढे ‘महाराजा क्लब’ झालं, आणि १२ नोव्हेंबर २०२४ ला विस्तारा विलीन झाल्यावर क्लब विस्ताराची खातीही तिकडे गेली. अनेकांकडे आज दोन आकडे आहेत आणि ट्रॅव्हल डेस्ककडे नेमका बंद पडलेला. आधी दोन्ही खाती एक करून घ्या, मग आकडा द्या.

नाव: सर्वांत जास्त दावे इथे अडकतात

आपल्याकडे पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’ या ओळीत स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र असतं. तिकीट छापताना त्यातली मोकळी जागा उडते. समजा पासपोर्टवर आडनाव जोशी आणि पुढे ‘सुनील वसंत’ आहे. तिकिटावर छापलं जातं ‘जोशी/सुनीलवसंतमिस्टर’, सगळं एका दमात. खातं मात्र ‘सुनील जोशी’ नावाने उघडलेलं. संगणकाला हे दोघे वेगळे वाटतात, माइल्स जमा होत नाहीत, आणि दावा (राहिलेले माइल्स मागणारा अर्ज) केला की ‘नाव जुळत नाही’ एवढं उत्तर येतं. कोण जुळवणार होतं, हे विचारायला माणूस भेटत नाही.

उपाय अगदी साधा. खातं उघडताना ‘फर्स्ट नेम’मध्ये पासपोर्टवरची दोन्ही नावं जशीच्या तशी लिहा, आडनावाच्या रकान्यात फक्त आडनाव. ज्यांच्या पासपोर्टवर आडनावाची ओळच रिकामी आहे त्यांनी ट्रॅव्हल डेस्कला विचारून तिकिटावर जे छापलं जातं तेच खात्यात भरावं. लग्नानंतर आडनाव बदललं असेल तर प्रवास ज्या पासपोर्टवर होणार त्यावरचंच नाव खात्यात हवं. नाव दुरुस्तीला पासपोर्टची प्रत बहुधा पुरते. विवाह प्रमाणपत्र फक्त मराठीत असेल तर परदेशी कंपनीला पाठवताना इंग्रजी भाषांतर सोबत जोडा, नाहीतर पंधरा दिवसांनी तेच मागणारं पत्र येतं.

ईमेल कंपनीचा देऊ नका. नोकरी बदलली की तो बंद होतो, ओटीपी तिकडेच जातो, आणि खातं तुमचंच आहे हे सिद्ध करायला महिना जातो. तीच गत तिकडच्या तात्पुरत्या सिमकार्डाची. भारतातला कायमचा नंबर आणि स्वतःचा ईमेल, एवढं पाळा.

कागद

दाव्याला तीन गोष्टी लागतात: ई-तिकीट, बोर्डिंग पास आणि खात्याचा आकडा. आकडा असतो. ई-तिकीट म्हणून लोक ट्रॅव्हल डेस्कने पाठवलेला प्रवासाचा तक्ता जोडतात, आणि त्यावर फक्त सहा अक्षरी पीएनआर असतो. दाव्याला हवा असतो तेरा आकडी तिकीट क्रमांक. पहिले तीन आकडे तिकीट देणाऱ्या कंपनीचे: एअर इंडिया ०९८, लुफ्तान्झा २२०, सिंगापूर ६१८, केएलएम ०७४, एमिरेट्स १७६. हा आकडा नसलेला कागद म्हणजे ई-तिकीट नव्हे. डेस्कला ‘ई-तिकीट रिसीट’ असं स्पष्ट शब्दांत मागा. नुसतं ‘तिकीट पाठवा’ म्हटलं की पुन्हा तोच तक्ता येतो.

बोर्डिंग पासची रड वेगळीच आहे. कागदी पास प्रवासखर्चाच्या बिलाला जोडून अकाउंट्स विभागात जातो आणि तिथून परत येत नाही. मोबाइलवरचा पास उड्डाणानंतर ॲपमधून नाहीसा होतो. आणि खिशात राहिलाच तर तो थर्मल कागद असतो, दोन महिन्यांत अक्षरं पुसट. म्हणून गेटवर उभं असतानाच फोटो किंवा स्क्रीनशॉट काढा. त्यात नाव, उड्डाण क्रमांक, तारीख, आसन आणि वर्गाचं अक्षर दिसलं पाहिजे. पासच्या वरच्या भागात अनुक्रमांकही असतो, तो कापला जाऊ देऊ नका.

हे वर्गाचं अक्षर म्हणजे बुकिंग क्लास. इकॉनॉमी एकच नसते; के, एल, टी, व्ही अशी दहा-बारा अक्षरं असतात आणि प्रत्येकाला वेगळे माइल्स. दुसऱ्या कंपनीच्या खात्यावर लावताना खालच्या काही अक्षरांना पाव हिस्सा मिळतो, काहींना शून्य. खातं निवडण्याआधी डेस्कला विचारा, ‘आपली तिकिटं बहुधा कुठल्या क्लासची असतात?’ मग त्या योजनेच्या साइटवर भागीदार कंपनीचा तक्ता उघडून ते अक्षर शोधा. एवढं केलं तर निम्मे दावे करावेच लागणार नाहीत.

अजून एक. कंपनीच्या खास दराच्या तिकिटावर भाड्याच्या जागी रक्कम न छापता ‘आयटी’ किंवा ‘बीटी’ अशी अक्षरं असतात. माइल्स भाड्याच्या रकमेवर ठरत असतील तिथे अशा तिकिटाचा हिशोब वेगळा होतो, बऱ्याचदा अंतरावर. आकडा अपेक्षेपेक्षा वेगळा दिसला तर आधी हे तपासा, मग भांडा. ग्रुप तिकिटावर आणि माइल्स वापरून काढलेल्या तिकिटावर सहसा काही मिळत नाही.

मुदत

फ्लाइंग ब्लू, क्रिसफ्लायर, माइल्स अँड मोर, तिन्हीकडे राहिलेल्या माइल्सच्या दाव्याला सहा महिने असतात. हे सहा महिने त्या-त्या उड्डाणाच्या तारखेपासून मोजायचे. काम संपून घरी आल्यावर, बिलं निपटल्यावर, सगळे एकदम टाकू असं म्हणणाऱ्याची पहिली फेरी हमखास मुदतीबाहेर जाते. उलट टोकाचीही माणसं असतात, उतरल्या दिवशीच दावा टाकणारी. भागीदार कंपनीकडून नोंद यायला दोन-तीन आठवडे लागू शकतात, तोवर दावा परत येतो. तीन आठवडे थांबा, मग टाका.

ट्रॅव्हल डेस्कने आकडा आधीच घातला असेल तर दाव्याची वेळच येत नाही. पण डेस्कच्या संगणकात तुमचा मागच्या नोकरीतला एखादा जुना आकडा बसलेला असू शकतो, आणि एक उड्डाण एकाच खात्यावर जमा होतं. चुकीच्या खात्यात गेलेले माइल्स कुणी हलवून देत नाही. चेक-इनला बोर्डिंग पास हातात आला की त्यावर छापलेला आकडा वाचा. चुकीचा असेल तर तिथेच काउंटरवर बदलून घ्या, विमानात बसल्यावर उशीर झालेला असतो.

माइल्स कोणाचे, हा प्रश्नही आधीच सोडवून ठेवावा. खासगी कंपन्या बहुधा प्रवाशाकडे राहू देतात, पण धोरणात लिहिलेलं असतं ते वाचा. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना सरकारी प्रवासाचे माइल्स खासगी सहलीला वापरता येत नाहीत, त्यावर विभागीय कारवाई होऊ शकते. जर्मनीतल्या कंपनीच्या पगारपत्रकावर गेला असाल तर तिथल्या फेडरल कामगार न्यायालयाने २००६ मध्ये असे माइल्स मालकाचे ठरवले आहेत हे माहीत असू द्या. भोसरी-चाकणच्या छोट्या कारखानदारांसाठी मात्र एअर फ्रान्स-केएलएमचं ‘ब्लूबिझ’, सिंगापूरचं ‘हायफ्लायर’ अशी कंपनीची वेगळी खाती आहेत. त्यात प्रवाशाला त्याचे माइल्स मिळतात आणि कंपनीला तिचे, दोन्ही एकाच तिकिटावर. त्याला कंपनीच्या नोंदणीचे कागद लागतात आणि तिकीट काढतानाच कंपनीचा आकडा घालावा लागतो.

दावा फेटाळला गेला तर नवा फॉर्म भरू नका. तेच उड्डाण दुसऱ्यांदा दिसलं की ‘आधीच निर्णय झाला आहे’ असं ठोकळेबाज उत्तर येतं. आलेल्या मेलला, तोच केस क्रमांक ठेवून, उत्तर द्या. एका ओळीत उड्डाण क्रमांक आणि तारीख, दुसऱ्या ओळीत तेरा आकडी तिकीट क्रमांक, तिसऱ्या ओळीत बुकिंग क्लास आणि त्या क्लासला किती माइल्स द्यायचे ते त्यांच्याच तक्त्यातून. नावाचा घोळ असेल तर पासपोर्टचं फोटो असलेलं पान जोडा, पासपोर्ट क्रमांकावर पट्टी टाकून. तक्रारीचा सूर नको, ओळख नको, सहा महिन्यांची कर्मकहाणी तर अजिबात नको. समोरचा माणूस फक्त ते तेरा आकडे शोधत असतो.