पॉइंट गेले, कॉइल राहिली

बेळगावहून गोव्याकडे जाताना जांबोटी सोडून कणकुंबीचा चढ लागला की पावसाळ्यात जुन्या फियाट आणि अ‍ॅम्बेसिडर हमखास आचके द्यायच्या. मग ड्रायव्हर बॉनेट उघडून डिस्ट्रिब्युटरचं, म्हणजे प्रत्येक सिलिंडरच्या प्लगला पाळीपाळीनं करंट वाटणाऱ्या भागाचं, टोपण काढायचा, कोरड्या फडक्यानं आतून पुसायचा आणि गाडी पुन्हा चोर्ला घाटाकडे निघायची. टोपणात ओल धरली की हजारो व्होल्टचा करंट प्लगपर्यंत जाण्याऐवजी त्या ओलीवरून सरळ बॉडीत उतरायचा. आता ते टोपणच उरलेलं नाही.

इंजिनात पेट्रोल पेटवणारी ठिणगी पाडायच्या या रचनेचं, म्हणजे इग्निशनचं, श्रेय चार्ल्स केटरिंग या अमेरिकन इंजिनिअरला जातं. त्याची बॅटरीवर चालणारी इग्निशन १९१० च्या सुमारास कॅडिलॅक गाड्यांत बसली. त्याआधी मॅग्नेटोचा, म्हणजे बॅटरीशिवाय स्वतःच वीज तयार करणाऱ्या यंत्राचा, जमाना होता. केटरिंगची युक्ती साधी होती. कॉइलमध्ये लोखंडी गाभ्यावर जाड तारेचे दोन-अडीचशे वेढे आणि बारीक तारेचे वीस हजारांच्या घरात. जाड तारेतून बॅटरीचा करंट सोडायचा की चुंबकक्षेत्र तयार होतं. तो करंट झटक्यात तोडला की क्षेत्र कोसळतं आणि बारीक तारेत पंधरा-वीस हजार व्होल्ट उठतात. म्हणजे ठिणगी पडते ती करंट तोडताना. कानडीत ठिणगीला ‘किडी’ म्हणतात. आमच्याकडच्या कानडी मिस्त्रीनं किडी येत नाही म्हटलं, की नवख्या मराठी गिऱ्हाईकाला किडे आठवतात.

करंट तोडण्याचं काम पॉइंटचं, म्हणजे इंजिनाबरोबर उघडमीट होणाऱ्या धातूच्या दोन टोकांचं, आणि सगळी रड तिथेच. चार सिलिंडरच्या इंजिनाला मिनिटाला तीन हजार फेऱ्यांवर सहा हजार ठिणग्या लागतात, म्हणजे सेकंदाला शंभर वेळा पॉइंट उघडायचे आणि मिटायचे. त्यातून तीन-चार अँपिअर करंट जाणार. शेजारचा कंडेन्सर पॉइंटवरची ठिणगी गिळायचा, तरी एका पॉइंटला खड्डा आणि दुसऱ्याला उंचवटा पडायचाच. मग पॉलिश पेपर फिरवायचा आणि फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालून अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास गॅप धरायचा. मिस्त्रीचा हात किती बसलाय ते इथं कळायचं. पॉइंट उघडणारी फायबरची टाच झिजून गॅप कमी झाला की टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, मागे पडायचं, गाडी चढाला दम टाकायची.

हलत्या भागाशिवाय करंट चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर १९४७ मध्ये सापडला, पण पॉइंट घालवायला तो लगेच कामाला आला नाही. १९६३ मध्ये पॉन्टिअ‍ॅकनं पॉइंट नसलेली इग्निशन जादा पैसे मोजणाऱ्याला देऊ केली. १९७३ पासून क्रायस्लरनं ती अमेरिकेतल्या आपल्या सगळ्या मोटारींत बसवली. या घाईमागे धूर होता, असं मला वाटतं. १९७० च्या क्लीन एअर अ‍ॅक्टनंतर गाडी हजारो मैल धावल्यावरही स्वच्छ राहायला हवी होती, आणि झिजणाऱ्या पॉइंटच्या भरवशावर ते जमणारं नव्हतं. ठिणगी चुकली की पेट्रोल न जळताच बाहेर पडतं. आपल्याकडे १९९५ मध्ये चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) सक्तीचा झाला आणि २००० मध्ये देशभर नवे नियम आले. न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये पेटलं की तो तापून खराब होतो.

नव्या रचनेत फिरत्या दातेरी चकतीजवळ पिकअप कॉइल किंवा हॉल सेन्सर, म्हणजे न शिवता चुंबकाच्या मदतीनं दात ओळखणारा भाग, असतो. दात समोरून गेला की तो इशारा देतो आणि मॉड्यूल नावाच्या इलेक्ट्रॉनिक डबीतला ट्रान्झिस्टर कॉइलचा करंट तोडतो. घासायला काहीच नाही, त्यामुळे करंट जास्त सोडता येतो आणि तीस-चाळीस हजार व्होल्टपर्यंत मजल जाते. पुढे ठिणगी कधी पाडायची हे ईसीयू, म्हणजे इंजिनाचा छोटा संगणक, ठरवू लागला, डिस्ट्रिब्युटर आणि त्याच्या आत फिरणारा रोटर गेला, प्रत्येक प्लगच्या डोक्यावर स्वतःची कॉइल आली. तिच्या आतला व्यवहार मात्र केटरिंगचाच.

एक गैरसोय आहे. पॉइंट निकामी होण्याआधी चार दिवस कुरकुर करायचे. मॉड्यूल बऱ्याचदा काही न सांगता जातं, आणि ते कणकुंबीला गेलं तर फडक्यानं भागत नाही; खानापूरहून गाडी ओढायला माणूस बोलवावा लागतो.