होपी मडकी: मध्येच तुटलेल्या परंपरेची गोष्ट

होपी ही अमेरिकेतली एक आदिवासी जमात. त्यांचं आजचं मडकं बघाल तर सोबत हमखास लिहिलेलं असतं, ट्रॅडिशनल पद्धतीने केलंय म्हणून. म्हणजे चाक नाही, मातीच्या वळ्या एकावर एक रचून हातानेच उभं केलेलं, गुळगुळीत गोट्याने घोटलेलं, युक्काच्या पानाच्या ब्रशने रंगवलेलं आणि उघड्यावर मेंढ्यांच्या लेंड्यांत भाजलेलं. सगळं खरंय, पण ही परंपरा सलग चालत आलेली नाही आणि मला तर तेच जास्त मोलाचं वाटतं.

होपींची गावं अमेरिकेत, ॲरिझोनाच्या ईशान्येला सपाट माथ्याच्या डोंगरांवर. साधारण १३०० पासून तिथे भांडी दगडी कोळशावर भाजायचे, जाळ कडक, त्यामुळे करडी माती मधासारखी पिवळी होऊन निघायची. सिक्यात्की गावची पक्ष्यांची, पिसांची नक्षी त्याच काळातली. पुढे ते गाव उजाड झालं, १६२९ मध्ये स्पॅनिश पाद्री आले, त्यांच्यासोबत मेंढ्या आल्या आणि कोळसा सुटून लेंड्या आल्या (म्हणजे आज जे 'पारंपरिक' इंधन म्हणतो ते असं आलेलं!). १८६० च्या दशकातल्या दुष्काळात बरेच जण झुनी या दुसऱ्या आदिवासी जमातीकडे गेले, परतले ते तिकडची नक्षी घेऊन, आणि भांड्यांवर पांढरा लेप आला जो तडकायचा.

मग आली नाम्पेयो ही कुंभारीण. हानो गावची, जन्म १८६० च्या आसपासचा. सिक्यात्कीच्या पडक्या जागेतली खापरं बघून बघून तिने ती माती, तो आकार, ती नक्षी परत आणली. १८९५ मध्ये पुरातत्त्वज्ञ फ्यूक्स यांनी तिथे उत्खनन केलं, तिचा नवरा लेसू त्यात कामाला होता, म्हणून ती तिथूनच शिकली असं सर्रास लिहितात. ते पटत नाही, ती आधीपासूनच त्या वाटेवर होती. आणि नुसती कॉपी नव्हे, रुंद खांद्याच्या बसक्या मडक्यावर नक्षी कुठे थांबवायची आणि किती जागा मोकळी सोडायची हे तिचं स्वतःचं. पुढे डोळे गेले तरी बोटांनी चाचपून घडवत राहिली, रंगवायच्या मुली. १९४२ मध्ये गेली. तिची पणती डेक्स्ट्रा क्वोट्स्कुय्वापर्यंत हे काम घरातच पोचलं.

काळा रंग अजूनही बीवीड नावाची रानभाजी तासन्‌तास उकळून, घट्ट करून, लोहयुक्त दगडासोबत उगाळून होतो. आणि भाजताना लेंड्या थेट मडक्याला लागून डाग पडू नयेत म्हणून वर झाकतात ती फुटक्या मडक्यांची खापरंच.