तण-जोखीम मूल्यांकन

परकी वनस्पती एखाद्या प्रदेशात आणण्याआधी, किंवा ती नुकतीच शिरली असताना, ती पुढे किती फोफावेल आणि पिकांना, कुरणांना, रानाला किती त्रास देईल याचा अंदाज बांधण्याची पद्धत. तण हाताबाहेर गेल्यावर खुरपणीला माणसे पुरत नाहीत, म्हणून हा अंदाज आधीच लागतो.

सर्वाधिक अनुकरण झालेली पद्धत ऑस्ट्रेलियाची. तेथे ती १९९७ पासून वनस्पतींच्या आयातीसाठी वापरली जाते. पुढे हवाई बेटांनी ती आपल्यापुरती बदलून घेतली. तीत ४९ प्रश्न आहेत : वनस्पतीचा पूर्वेतिहास आणि हवामान, तिचे उपद्रवी गुण, तिचे जीवशास्त्र. उत्तरांना गुण मिळतात. बेरीज शून्य किंवा त्याखाली असेल तर प्रवेश, ६ च्या वर गेली तर नकार, मधल्या वनस्पतींचा आणखी तपास.

गाजर गवताला (पार्थेनियम हिस्टेरोफोरस) हे प्रश्न लावले की पद्धतीचा अर्थ कळतो. मूळ उष्णकटिबंधीय अमेरिकेतले हे तण पुण्यात १९५५ च्या सुमारास ठळकपणे नजरेस आले. ते पीएल-४८० च्या, म्हणजे त्या नावाच्या अमेरिकी कायद्याखाली भारताला मिळालेल्या, गव्हाबरोबर आले असे घरोघरी सांगतात. पण भारताशी तो करार १९५६ मध्ये झाला, म्हणजे पुण्यातल्या नोंदीनंतर. जनावरे खातात का? सहसा टाळतात. माणसाला अपाय? त्यातल्या पार्थेनिन या विषारी द्रव्यामुळे उपटणाऱ्याच्या मनगटावर, गळ्याशी पुरळ उठते, खाज महिनोन् महिने जात नाही. शेजारच्या झाडांची वाढ रोखते का? हो. बी किती? एका मोठ्या झाडाला १५,००० हून अधिक, तेही उगवल्यापासून महिन्याभरात फुलून. जमिनीला चिकटलेला कातरलेल्या पानांचा चक्राकार झुबका तेवढ्यात खोड वर काढून साबुदाण्याएवढ्या पांढऱ्या फुलांनी भरतो. बी काळे, जेमतेम दोन मिलिमीटरचे. चिखलाबरोबर टायरला, खुरांना चिकटते, शेणखतातून बांध ओलांडते. जवळपास प्रत्येक उत्तर धोक्याकडेच झुकते.

पण सगळ्यांत मोलाचा प्रश्न वेगळाच आहे : ही वनस्पती दुसरीकडे कुठे तण ठरली आहे का? भविष्याचा इतका भरवशाचा पुरावा दुसरा नाही. अडचण एवढीच की जी वनस्पती पहिल्यांदाच आपले घर सोडते आहे, तिच्याबद्दल हा प्रश्न मुका राहतो.

हवामानाचा मेळही नीट पाहावा लागतो. कोकण-गोव्याच्या पावसात रानमोडी हे दुसरे परके तण डोंगर झाकते, तर गाजर गवताचे खरे राज्य देशावरच्या पडीक रानात. ‘महाराष्ट्रासाठी धोकादायक’ असा एकच शिक्का म्हणूनच अपुरा पडतो.

पद्धतीवर मोठा आक्षेप आकडेशास्त्राचा आहे. ढोबळ ‘दहाच्या नियमा’नुसार आणलेल्या दहा वनस्पतींपैकी एक रानात दिसू लागते, तशा दहांपैकी एक रुजते आणि रुजलेल्या दहांपैकी एक उपद्रवी ठरते. खरे गुन्हेगार इतके थोडे असले की चांगली चाळणीसुद्धा अनेक निरुपद्रवी रोपे अडवते. तरीही, माझ्या मते, चूक करायचीच तर ती या बाजूने व्हावी. अडवलेल्या रोपाने एका रोपवाटिकेचे नुकसान होते. सुटलेले तण पिढ्यान् पिढ्या निंदत बसावे लागते.

दुसरी अडचण सुप्तकाळाची. जर्मनीतील ब्रांडेनबुर्ग परिसरात आणलेली झाडे-झुडपे पसरू लागेपर्यंत सरासरी १४७ वर्षे गेली असे आढळले. म्हणजे ‘आमच्या बागेत वीस वर्षे गुपचूप आहे’ हा पुरावा धरता येत नाही.

भारतात २००३ च्या वनस्पती संगरोध (क्वारंटाइन) आदेशानुसार आयातीपूर्वी कीड-जोखीम विश्लेषण लागते, आणि तण त्यात येतात. एका तालुक्यातून दुसऱ्या तालुक्यात जाणाऱ्या शेणखताच्या ट्रॉलीला मात्र असे ४९ प्रश्न कोणी विचारत नाही.