झोपलेल्या बाळाचा ताप

रात्रीचे दोन वाजलेले. बालरुग्ण वॉर्डात माझा दीड वर्षाचा भाचा आईच्या कुशीत गाढ झोपला होता. सिस्टर आल्या, काखेत थर्मामीटर लावला, ताप भरला १०१.८. लगेच त्याला उठवून पॅरासिटामॉलचं सिरप पाजलं. त्याने ते ओकलं, रडून रडून लाल झाला, आणि माझ्या बहिणीचा पहाटेपर्यंत डोळा लागला नाही.

सिस्टरचं चुकलं असं त्या रात्री मला वाटलं नाही. ताप म्हणजे शत्रू, तो उतरलाच पाहिजे, हे आपण सगळेच धरून चाललो होतो.

या भीतीची नीट नोंद १९८० साली झाली. अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात डॉ. बार्टन श्मिट यांनी ८१ पालकांना तापाविषयी विचारलं, आणि मध्यम तापानेही मेंदूला इजा होते असं मानणारे बरेच जण निघाले. पण ही भीती घरापुरती नाही. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमध्ये परिचर्याशास्त्राच्या संशोधक अ‍ॅन वॉल्श आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांच्या वॉर्डातल्या परिचारिकांनाच बोलतं केलं. ताप शरीराच्या उपयोगाचा असतो हे माहीत असूनही औषध देऊन आकडी टाळता येते, असं अनेकींना वाटत होतं. शिवाय आईवडील मागे लागले, की औषध द्यायचा कल वाढायचा. म्हणजे आई घाबरते म्हणून सिस्टर औषध देते, आणि सिस्टर धावपळ करते म्हणून आई आणखी घाबरते.

खरं तर ताप शरीर स्वतःच चढवतं. जंतू शिरले, की मेंदूतलं हायपोथॅलॅमस तापमानाची पातळी वर सरकवतं. नवी पातळी गाठेपर्यंत बाळाला थंडी वाजते, हातपाय गार पडतात. अशा वेळी बर्फाच्या किंवा गार पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या, तर कातडीतल्या रक्तवाहिन्या आक्रसतात, बाळ कुडकुडतं आणि शरीर आणखी उष्णता तयार करतं. आपल्याकडच्या मिठाच्या पाण्याच्या पट्ट्यांमागे केवढी माया असते ते मला ठाऊक आहे. पण त्यातलं मीठ ताप उतरवत नाही. पॅरासिटामॉल मात्र ती वर सरकलेली पातळीच खाली आणतं.

आकडीचं काय? सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या दर शंभर मुलांत दोन ते पाच जणांना तापात झटके येतात. बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो, पण बहुतेक मुलं त्यातून काहीही मागे न राहता बरी होतात. फिनलंडमध्ये पहिली आकडी येऊन गेलेल्या २३१ मुलांवर दोन वर्षं लक्ष ठेवलं गेलं. पुढच्या तापांत काहींना तापाची औषधं दिली, काहींना नुसतं औषधासारखं दिसणारं काही. आकडी पुन्हा येण्याच्या प्रमाणात फरक पडला नाही. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेची मार्गदर्शक तत्त्वंही सांगतात, की आकडी टाळण्यासाठी म्हणून ही औषधं देऊ नका.

मग औषध कधी द्यायचं? बाळ किरकिरतंय, अंग दुखतंय, पाणीही घेत नाहीये, तेव्हा जरूर द्यावं. दुसऱ्या रात्री आलेल्या वयस्क सिस्टरनी तेच पाहिलं. भाच्याचा श्वास मोजला, पाय चाचपले, “शू कधी केली होती?” एवढं बहिणीला विचारलं, ताप कागदावर लिहिला आणि त्याला झोपू दिलं.

द्यायचं झालंच, तर मात्रा वजनावर ठरते: एका वेळी किलोमागे साधारण १५ मिलिग्रॅम, आणि दोन मात्रांत निदान चार ते सहा तास. खरा धोका बाटलीत असतो. आपल्याकडे थेंबांच्या औषधात बहुधा १ मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम असतात, तर साध्या सिरपच्या ५ मिलिलिटरमध्ये १२५. थेंबांचं औषध सिरपच्या मापाने पाजलं, तर चौपट जातं. लेबल वाचून, वजन विचारून, आईच्या हातात मापाची सिरिंज देणारी सिस्टर माझ्या मते शंभर पट्ट्यांपेक्षा मोलाची.

काही वेळा मात्र थांबायचं नसतं. बाळ हाकेला बघत नाही, श्वास घेताना छाती आत ओढली जाते, मान ताठ झाली आहे, दाबल्यावर न जाणारे लाल-जांभळे डाग अंगावर उठले आहेत, झटका पाच मिनिटांत थांबत नाही, तर तापाचा आकडा कितीही असो, ताबडतोब दवाखाना गाठायचा. आणि तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ ताप भरला, तर बाकीचं काही दिसायची वाट बघायची नाही. रात्रीचे तीन वाजले असले तरी निघायचं.