नागपुरात इलेक्ट्रिक कार आधी टॅक्सी म्हणून आली

गिअरची पेट्रोल गाडी बरी की इलेक्ट्रिक, हा वाद नागपुरात आता लग्नाच्या पंगतीतही रंगतो. ‘काहून घेतली बे इलेक्ट्रिक?’ इथून सुरुवात होते. या वादामागचा इतिहास मात्र इतर शहरांपेक्षा जरा वेगळा आहे. इथे इलेक्ट्रिक कार घरच्या पोर्चमध्ये येण्याआधी टॅक्सी म्हणून रस्त्यावर आली. त्यामुळे तिच्याबद्दलचं पहिलं मत अनेकांनी मागच्या सीटवर बसून बनवलं.

गिअरच्या गाडीचं तसं नाही, ती हातापायांत मुरलेली. अनेक वर्षं अ‍ॅम्बेसेडर आणि फियाट (पुढे प्रीमियर पद्मिनी) यांच्यापलीकडे फारशी निवड नव्हती. फियाटचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्यालाच. मे महिन्यात पारा ४५च्या आसपास गेला की नळीतल्या पेट्रोलची वाफ व्हायची, इंजिनापर्यंत पेट्रोल पोचायचं नाही आणि गाडी भर चौकात बंद पडायची. मग बॉनेट उघडायचं, फ्युएल पंपावर ओलं फडकं ठेवायचं आणि वाट पाहायची. वडिलांच्या फियाटमध्ये पाण्याची कॅन आणि ते फडकं स्टेपनीइतकंच ठरलेलं असे. थंडीत बॅटरी रुसली तर दुसऱ्या गिअरमध्ये टाकून धक्का. सगळी गल्ली कामाला लागायची.

१४ डिसेंबर १९८३ला इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या मारुती ८००ची किल्ली ग्राहकाला मिळाली. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, चार गिअर. पगारदार माणसाच्या आवाक्यात कार आली ती हीच. आज पन्नाशीत असलेल्या कितीतरी नागपूरकरांनी हाफ क्लच मारुतीवरच शिकला. जानेवारी २०१४मध्ये तिचं उत्पादन थांबलं, त्याच वर्षी मे महिन्यात अ‍ॅम्बेसेडरचंही.

क्लचच्या पायाला मात्र इलेक्ट्रिकने सुट्टी दिली, हे म्हणणं अर्धवट आहे. २०१४मध्येच मारुतीची सेलेरिओ एएमटी, म्हणजे क्लच आणि गिअर आपोआप सांभाळणारा गिअरबॉक्स घेऊन आली आणि स्वस्त गाडीतूनही क्लचचं पेडल जाऊ लागलं. मुळात गिअर लागतात ते पेट्रोल इंजिनाच्या मर्यादेमुळे. इंजिन मिनिटाला ठरावीक फेऱ्यांनी फिरत असेल तेव्हाच ते नीट जोर देतं. विजेची मोटर थांबलेल्या अवस्थेपासूनच पूर्ण जोर देते, म्हणून बहुतेक इलेक्ट्रिक गाड्यांना एकच गिअर पुरतो. सिग्नल सुटल्यावर ती सुळकन पुढे निघते ती यामुळेच.

मे २०१७मध्ये ओलाने नितीन गडकरी आणि देवेंद्र फडणवीस यांच्या उपस्थितीत नागपुरात इलेक्ट्रिक टॅक्सीचा प्रकल्प सुरू केला. महिंद्राच्या ई-टू-ओ प्लस टॅक्सी, ई-रिक्षा अशी मिळून २०० वाहनं होती. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये इंडियन ऑइलच्या पंपावर चार्जिंगची सोयही झाली. पण चार्जिंगच्या जागा मोजक्या आणि चार्ज व्हायला लागणारा वेळ मोठा. रांगेत उभ्या चालकाचा धंदा बुडायचा आणि प्रवासी त्याचं गाऱ्हाणं ऐकतच घरी पोचायचा. ‘इलेक्ट्रिक म्हणजे रांग’ हे समीकरण इथे बसलं ते असं. मला ते टॅक्सीपुरतं खरं वाटतं, घरच्या गाडीला लागू नाही.

कारण २०२०च्या जानेवारीत टाटांची इलेक्ट्रिक कार नेक्सॉन ईव्ही आली आणि चार्जिंग घरी आलं. गाडी रात्रभर पोर्चमध्ये उभी, १५ अँपिअरच्या प्लगला. धरमपेठेतल्या बंगल्याला हे सोपं. फ्लॅटवाल्यांना आधी सोसायटीच्या मीटिंगमध्ये मीटरची आणि वायरिंगची परवानगी मिळवावी लागते. इलेक्ट्रिकला धूर नाही, हा मुद्दा निघाला तर मी कोराडीकडे बोट दाखवतो. तिथल्या औष्णिक केंद्राच्या चिमण्या शहराबाहेर आहेत एवढंच, वीज अजून बरीचशी कोळशाचीच.

राज्याच्या २०२५च्या ईव्ही धोरणाने समृद्धी महामार्गावर इलेक्ट्रिक कारला टोलमाफी जाहीर केली. पण तिथे १२०च्या वेगाने हवेचा रोध इतका वाढतो की बॅटरी शहरातल्यापेक्षा भराभर उतरते. त्यामुळे आमच्या ओळखीत ऑफिसला इलेक्ट्रिक आणि मुंबईला जायचं तर जुनी गिअरची पेट्रोल, अशी वाटणी करणारीच घरं जास्त आहेत.